इंग्लंडचा फुटबॉल जिना: खालच्या पायरीवरचा एक क्लब आपला कसा करावा

हिवाळ्यातल्या शनिवारी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये दुपारचे तीन झालेले असतात, आणि देशभरातल्या शेकडो मैदानांवर एकाच वेळी शिट्टी वाजते. त्यातली सात-आठ मैदाने टीव्हीमुळे आपल्याला पाठ झालेली आहेत. उरलेल्यांवर कुठे दहा हजार माणसे असतात, कुठे दोनशे. पण ही सगळी मैदाने एकाच जिन्याने जोडलेली आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवरचा क्लब जिंकत राहिला तर कागदावर तरी त्याला थेट प्रीमियर लीगपर्यंत रस्ता मोकळा आहे, आणि सगळ्यात वरचा क्लब हरत राहिला तर त्याला खाली येण्यापासून कुणी वाचवत नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे लँकेशरमध्ये काढली. पहिल्या वर्षी मीही मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्याच तिकिटांमागे होतो. ती मिळत नव्हती, आणि मिळाली तर परवडत नव्हती. मग एका शनिवारी घरापासून वीस मिनिटे चालत आठव्या पातळीवरच्या एका छोट्या क्लबाच्या मैदानावर गेलो. तिथून मला हा सगळा डोलारा समजायला लागला. वरून पाहिले तर वीस क्लब दिसतात. खालच्या एका क्लबाचा हात धरला तर सगळा जिना दिसतो. तिकडे शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांसाठी आणि इकडे बसून मनापासून फुटबॉल पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी जिना कागदावर काढा

खरोखरच कागद घ्या. सर्वात वर प्रीमियर लीग लिहा, २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. या तीन मिळून इंग्लिश फुटबॉल लीग, म्हणजे ईएफएल. २० अधिक ७२, असे हे ९२ क्लब. तिकडे '९२ मैदाने पुरी करणे' हा कित्येकांचा आयुष्यभराचा छंद असतो, आपल्याकडे साडेतीन पीठे करतात तसा.

पाचवी पातळी नॅशनल लीगची, २४ क्लब. इथपर्यंत प्रत्येक विभाग सबंध देशाचा एकच. सहाव्या पातळीवर जिना पहिल्यांदा फुटतो: नॅशनल लीग नॉर्थ आणि नॅशनल लीग साउथ. सातव्या पातळीवर चार विभाग होतात, आठव्यावर आठ, नवव्यावर सोळा. त्याखाली आणखी प्रादेशिक लीग, मग जिल्ह्याच्या लीग. खाली जावे तसा विभाग भूगोलाने लहान होत जातो, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. आठव्या पातळीवरचा बचावपटू दिवसभर सुतारकाम करून मंगळवारी संध्याकाळच्या सामन्याला येतो. त्याला तीनशे मैलांचा प्रवास करायला लावता येत नाही.

एक गफलत आधीच दूर करून ठेवा. पाचव्या पातळीपासून खालच्या सगळ्या फुटबॉलला 'नॉन-लीग' म्हणतात आणि तिथे पायऱ्या नव्याने मोजतात. नॅशनल लीग म्हणजे देशाची पाचवी पातळी, पण नॉन-लीगची 'स्टेप १'. कुणी 'आम्ही स्टेप ४ वर आहोत' म्हणाले की त्यात चार मिळवा: आठवी पातळी.

नावांचाही असाच घोळ आहे. लीग वन ही पहिली नसून तिसरी पातळी. १९९२ पर्यंत 'फर्स्ट डिव्हिजन' म्हणजे देशातली सर्वोच्च लीग होती. त्या वर्षी प्रीमियर लीग वेगळी झाली आणि 'फर्स्ट डिव्हिजन' हे नाव दुसऱ्या पातळीला चिकटले. २००४ मध्ये त्याच पातळीचे 'चॅम्पियनशिप' असे बारसे झाले आणि खालच्या दोघींना लीग वन, लीग टू म्हणू लागले. म्हणून जुन्या क्लबाचा इतिहास वाचताना आधी साल बघा, मग विभागाचे नाव. लेस्टर सिटीने २००९ मध्ये लीग वन जिंकली असे वाचले तर समजा की तो क्लब तेव्हा तिसऱ्या पातळीवर होता. त्यानंतर सातच वर्षांनी, २०१६ मध्ये, तो देशाचा विजेता झाला.

दार कधी उघडले ते माहीत हवे

हा जिना पहिल्या दिवसापासून असा नव्हता. ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली ती बारा क्लबांची, सगळे उत्तरेतले आणि मध्य इंग्लंडमधले, गिरण्या-कारखान्यांच्या गावांतले. १८९२ मध्ये दुसरा विभाग आला, आणि १८९८ पासून दोन विभागांत आपोआप वर-खाली जाणे सुरू झाले.

पण लीगच्या तळाचे दार बंदच होते. शेवटच्या विभागात शेवटी आलेल्या क्लबांना 'आम्हाला पुन्हा घ्या' म्हणून अर्ज करावा लागे आणि बाकीचे क्लब मत देत. बहुतेक वेळा जुन्या ओळखीला मत पडे आणि बाहेरचा चांगला क्लब बाहेरच राही. १९८६-८७ च्या मोसमाअखेर हे बदलले. नॉन-लीगचा विजेता स्कारबरो हक्काने आत आला आणि लिंकन सिटी बाहेर गेला. २००३ पासून दर मोसमाला दोन क्लब आत येतात, दोन बाहेर जातात.

या दाराची मला सर्वात आवडणारी गोष्ट ॲक्रिंग्टन स्टॅन्ले या क्लबाची. १९६२ मध्ये कर्जात बुडून मोसमाच्या मध्येच तो लीगमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतले. पुढे क्लबच बंद पडला. १९६८ मध्ये गावातल्या लोकांनी तो नव्याने उभा केला आणि २००६ मध्ये, ४४ वर्षांनी, ॲक्रिंग्टन लीगमध्ये परतला. त्या वर्षी लीगमधून खाली गेलेल्यांत एक नाव होते ऑक्सफर्ड युनायटेडचे.

आपल्या आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, सुरुवात २०१४ ची. तिथे अनेक वर्षे कुणी खाली गेलेच नाही. शेवटून दुसरा आणि शेवटून चौथा यांत काही फरक नसेल तर मार्चमधला सामना कुणासाठी बघायचा? इंग्लंडमध्ये विसावा आणि बावीसावा क्रमांक यांत गावाची झोप उडते.

गुणतालिका वाचायला बसा

गुणतालिका सगळ्यांना येते असे आपल्याला वाटते. तरी एकदा हातात पेन घेऊन बसा. मी नव्या माणसाला नेहमी एकच उदाहरण देतो: ७ मे २०१७, चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. तळाचे तीन क्लब खाली जाणार. दोन जागा ठरल्यात जमा होत्या. तिसऱ्या जागेसाठी ब्लॅकबर्न रोव्हर्स, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि बर्मिंगहॅम सिटी टांगणीला लागले होते.

ब्लॅकबर्नने आपले काम चोख केले, ब्रेंटफर्डच्या मैदानावर ३-१ असे जिंकले. पण तिकडे बर्मिंगहॅमही जिंकले आणि फॉरेस्टने इप्सविचला ३-० हरवले. अखेरचे आकडे असे. फॉरेस्ट: ४६ सामने, १४ विजय, ९ बरोबरी, २३ पराभव, ६२ गोल केले, ७२ खाल्ले, ५१ गुण. ब्लॅकबर्न: ४६ सामने, १२ विजय, १५ बरोबरी, १९ पराभव, ५३ गोल केले, ६५ खाल्ले, ५१ गुण. गुण सारखे, म्हणून गोलफरक: फॉरेस्ट उणे १०, ब्लॅकबर्न उणे १२. दोन गोलांनी ब्लॅकबर्न तिसऱ्या पातळीवर गेला.

आता जरा खोल जा. पराभव कुणाचे जास्त? फॉरेस्टचे, चारने. मग ब्लॅकबर्न का बुडाले? त्या १५ बरोबऱ्यांमुळे. १९८१ पर्यंत इंग्लंडमध्ये विजयाला दोन गुण होते, त्यानंतर तीन झाले. जुन्या हिशोबाने फॉरेस्टचे ३७ होतात आणि ब्लॅकबर्नचे ३९. म्हणजे बुडायची पाळी फॉरेस्टची होती! तीन गुणांच्या नियमात बरोबरी म्हणजे निम्मे नव्हे, एक तृतीयांश. हे एकदा अंगात मुरले की ८५ व्या मिनिटाला १-१ असताना तळाचा संघ सगळे पुढे का ढकलतो हे आपोआप कळते.

म्हणून आपल्या क्लबाची तालिका बघताना क्रमांकाआधी तीन गोष्टी बघायची सवय लावा: किती सामने झाले आहेत (पावसाने पुढे ढकललेले सामने हिवाळ्यात पुष्कळ असतात), बरोबऱ्या किती, आणि वरच्या-खालच्या रेघेपासून अंतर किती गुणांचे. क्रमांक नोव्हेंबरपर्यंत फार मनावर घेऊ नका.

रेघा कुठे ओढायच्या

रूढ पद्धत अशी आहे. प्रीमियर लीगमधून तीन खाली. चॅम्पियनशिपमधून दोन थेट वर, आणि तिसऱ्या जागेसाठी त्यांच्या खालोखालच्या क्लबांमध्ये प्ले-ऑफ, म्हणजे मोसमाअखेरचे बाद पद्धतीचे सामने. तीन खाली. लीग वनमध्ये वरचे असेच, खाली मात्र चार जातात. लीग टूमध्ये तीन थेट वर, चौथा प्ले-ऑफमधून, आणि दोन खाली. नॅशनल लीगमध्ये फक्त विजेता थेट वर, दुसरा प्ले-ऑफमधून. प्ले-ऑफमध्ये किती क्लब घ्यायचे यात अधूनमधून बदल होतात, तेव्हा मोसमाच्या सुरुवातीला त्या त्या लीगच्या संकेतस्थळावर नियम एकदा वाचून घ्या.

नॅशनल लीगची ती एकच थेट जागा किती अरुंद आहे, याचा दाखला २०२२-२३ चा मोसम. रेक्सहॅमने १११ गुण मिळवले आणि वर गेले. नॉट्स काउंटीने १०७ गुण मिळवले, एवढ्या गुणांत एरवी कुणीही विजेता होईल, आणि तरी त्यांना प्ले-ऑफ खेळावे लागले. अंतिम सामन्यात चेस्टरफील्डविरुद्ध पेनल्टींवर ते जेमतेम सुटले. नॉट्स काउंटी हा १८८८ च्या मूळ बारांपैकी एक. आणखी दोन पेनल्टी हुकल्या असत्या तर १०७ गुणांचा क्लब पाचव्या पातळीवरच राहिला असता. ही पद्धत मला आजही अन्यायाची वाटते.

प्ले-ऑफ १९८७ पासून आहेत. चॅम्पियनशिपच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना वेम्बलीवर होतो आणि प्रीमियर लीगच्या टीव्हीच्या पैशामुळे त्याला जगातला सर्वात मोलाचा एकेरी सामना म्हणतात. २०२३ मध्ये तो लुटन टाउनने कॉव्हेंट्रीविरुद्ध पेनल्टींवर जिंकला. हाच लुटन २००९ मध्ये ३० गुणांच्या दंडामुळे लीगमधूनच बाहेर फेकला गेला होता आणि पाच वर्षे पाचव्या पातळीवर होता. पेली-रडक म्पान्झू नावाचा त्यांचा खेळाडू पाचव्या पातळीपासून पहिलीपर्यंत प्रत्येक पायरी त्याच क्लबाबरोबर चढला. लुटनच्या केनिलवर्थ रोड मैदानावर पाहुण्या प्रेक्षकांना आत जायचे तर चाळीसारख्या रांगेतल्या घरांच्या मधून, लोकांच्या परसावरून जिन्याने जावे लागते. तिथे प्रीमियर लीगचे बडे क्लब खेळून गेले. पुढच्या दोन मोसमांत लुटन दोन पायऱ्या खालीही आला.

क्लब निवडताना

इंग्लंडमध्ये राहत असाल तर नियम एकच: चालत, सायकलने किंवा एका बसने जाता येईल तो क्लब. याला पर्याय शोधत बसू नका. हॅरो-रायस्लिपकडे राहणाऱ्यांना वील्डस्टोन आहे, स्लावमध्ये स्लाव टाउन, रेडिंगमध्ये रेडिंग, दक्षिण लंडनमध्ये डलिच हॅम्लेट. मँचेस्टरमध्ये राहून ज्यांना मोठ्या दोघांची तिकिटे मिळत नाहीत, त्यांनी स्टॉकपोर्ट काउंटीला जाऊन बघावे.

भारतात बसून निवडायचा असेल तर गावाचा धंदा बघून निवडा. क्लबाच्या टोपणनावातच तो असतो. लुटनला 'हॅटर्स' म्हणतात, कारण तिथे टोप्या बनत. नॉर्थॅम्प्टन 'कॉबलर्स', जोडे शिवणाऱ्यांचे गाव. वॉल्सॉल 'सॅडलर्स', घोड्यांची खोगिरे करणाऱ्यांचे. स्टोक 'पॉटर्स', शेफील्ड युनायटेड 'ब्लेड्स', योव्हिल 'ग्लव्हर्स', क्रू 'रेल्वेमेन'. कोळ्यांच्या बंदराचे ग्रिम्सबी म्हणजे 'मरिनर्स', आणि गंमत अशी की त्यांचे मैदान ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. धंदे बहुतेक ठिकाणी बसले. नावे आणि क्लब राहिले.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या पेठांतल्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम का भरते, दिलबहारचा पोरगा खंडोबाकडून खेळला तर घरात काय बोलणी बसतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला बर्नली आणि ब्लॅकबर्नमधली खुन्नस एका वाक्यात कळते. पेठ ही निवडायची गोष्ट नसते. बाहेरून येणाऱ्याला निवडावी लागते, एवढेच, आणि म्हणून विचार करून निवडावी. एकदा निवडल्यावर बदलायची नाही.

माझे आणखी दोन निकष. क्लब तिसऱ्या ते आठव्या पातळीवरचा असावा, म्हणजे वर जायला आणि खाली यायला दोन्ही बाजूंनी जागा राहते. आणि क्लबाचा मालक कोण हे कळल्याशिवाय टी-शर्ट विकत घेऊ नये.

मालक आणि पैसा तपासा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. खालच्या विभागांतले क्लब मैदानावर हरून क्वचितच मरतात. ते मरतात हिशोबात.

बरी हे मँचेस्टरजवळचे गाव. क्लब १८८५ चा. त्याने एफए कप, म्हणजे सगळ्या पातळ्यांवरच्या क्लबांची बाद स्पर्धा, दोनदा जिंकला, १९०० आणि १९०३ मध्ये. दुसऱ्यांदा अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला ६-० हरवून. २०१९ च्या वसंतात बरीने लीग टूमधून वर जाण्याची जागा मिळवली, गावात आनंद होता. पण कर्जे थकली होती, पगार थकले होते. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने बरीला काढून टाकले. जो संघ चार महिन्यांपूर्वी वर गेला होता, त्याला खेळायला लीगच राहिली नाही. गिग लेन मैदानाला कुलूप लागले. त्या काळात रोज तिथे येऊन दाराशी उभे राहणारे म्हातारे मी पाहिले आहेत. काही बोलत नसत, थोडा वेळ थांबून घरी जात. पुढे समर्थकांनी खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली आणि २०२३ मध्ये गिग लेनवर बरी परत खेळायला लागली.

तेव्हा हे करा. ब्रिटनमध्ये प्रत्येक कंपनीचे हिशोब 'कंपनीज हाउस'च्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. क्लबाच्या कंपनीचे नाव तिथे टाका. हिशोब वेळेवर दाखल होतात का बघा. संचालक भराभर राजीनामे देत आहेत का बघा. आणि सर्वात महत्त्वाचे, मैदान क्लबाच्या नावावर आहे की मालकाने ते दुसऱ्या कंपनीच्या नावावर केले आहे, की गहाण टाकले आहे, ते शोधा. मैदान क्लबापासून वेगळे झाले की समजावे, धोका आहे. ईएफएलमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला तर १२ गुण कापले जातात. डर्बी काउंटीचे २०२१-२२ मध्ये एकूण २१ गुण गेले आणि ते खाली घसरले. अशा प्रकारांमुळेच २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला.

आता पुणेकरांच्या जवळचे उदाहरण. ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८८८ च्या मूळ बारांपैकी एक आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या धंद्यातल्या पुण्याच्या व्यंकीज कंपनीने विकत घेतला. पुढच्याच महिन्यात व्यवस्थापक सॅम अलारडाइस यांना काढले. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानावर कोंबडी सोडली, ते दृश्य जगाने पाहिले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पातळीवर गेला. एका वर्षात ९६ गुण मिळवून परतही आला. मालकांनी इतकी वर्षे क्लबात पैसा ओतला, हेही तितकेच खरे आहे. पण गावातल्या लोकांना पैशाइतकेच, 'आमचे कुणी ऐकते का' हे महत्त्वाचे वाटते. मालक सात हजार किलोमीटरवर असला की हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

याच्या उलट टोकाला एएफसी विम्बल्डन. मूळ विम्बल्डन क्लबाने १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. २००२ मध्ये त्याला मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर चाचणी ठेवली आणि नवव्या पातळीवरून सुरुवात केली. नऊ वर्षांत ते फुटबॉल लीगमध्ये आले, २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाव लेनवर नवे मैदान बांधून परतले. क्लबाची सूत्रे आजही समर्थकांच्या हाती आहेत. एक्सेटर सिटीही समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे. असा ट्रस्ट असेल तर वर्षाला थोडी वर्गणी भरून भारतात बसूनही सभासद होता येते, आणि सभासदाला मत असते.

दिवस आणि वेळा

मोसम ऑगस्ट ते मे. वेळापत्रक जून-जुलैत लागते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेचार तासांनी पुढे, एरवी साडेपाच. म्हणजे शनिवारचा तीनचा सामना आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठला. मंगळवारी रात्रीचा पावणेआठचा सामना सव्वाबारा किंवा सव्वाला. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावे म्हणून.

कपाच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. एफए कप १८७१ पासून चालू आहे आणि त्याच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात. लीग वन आणि टूचे क्लब पहिल्या फेरीत उतरतात, वरच्या दोन लीगचे क्लब जानेवारीत, तिसऱ्या फेरीत. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या पातळीवरच्या मरीन क्लबाच्या मैदानावर टॉटनहॅम आले. आजूबाजूच्या घरांच्या परसांना लागून ते मैदान. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, तर क्लबाने नुसती आठवणीची तिकिटे विकली आणि लोकांनी ती ३० हजारांहून जास्त घेतली. सामना ०-५ हरले, क्लब मात्र सावरला.

मैदानावर पहिल्यांदा

पहिला सामना सातव्या किंवा आठव्या पातळीवरचा बघा. सकाळी क्लबाच्या समाजमाध्यमावर नजर टाकून निघा. चिखल किंवा बर्फ असेल तर पंच सकाळी मैदान तपासून सामना रद्द करतात. मोज्यांचे दोन जोड घाला, टोपी घाला. तिकीट दारावर मिळते, साधारण दहा-पंधरा पौंडांत. कार्यक्रमपत्रिका मिळाली तर जरूर घ्या, त्यातला सचिवाचा मजकूर वाचला की क्लबाची सगळी चिंता कळते: गवत कापायचे यंत्र बिघडले आहे, सोळा वर्षांखालच्या संघाला प्रशिक्षक हवा आहे.

आत गेल्यावर मैदानाभोवती लोखंडी कठडा असतो आणि त्याला टेकून कुठेही उभे राहता येते. लोक आपला संघ ज्या गोलकडे चाल करतो त्या गोलमागे उभे राहतात आणि मध्यंतरात सगळे चालत दुसऱ्या टोकाला जातात. गोलरक्षक इतका जवळ असतो की त्याने बचावपटूंना घातलेल्या शिव्या ऐकू येतात, आणि चेंडू कठड्यावर आदळला की तो हादरा आपल्या कोपरात जाणवतो. टीव्हीवर हे नाही. मोठ्या मैदानांवर मात्र यजमान आणि पाहुणे वेगळे बसतात. तिथे पाहुण्यांच्या रंगाचा शर्ट घालून यजमानांत बसू नका.

चहाच्या टपरीवर 'पाय' (pie), म्हणजे सारण भरून भाजलेली पारी, मिळते. शाकाहारी असाल तर 'चीज अँड अनियन' मागा, उत्तरेत ती सगळीकडे असते. बोव्हरिल नावाचे गरम पेय गोमांसाच्या अर्काचे असते, चहा समजून घेऊ नका. कशात काय घातले आहे ते विचारून घ्यायची सवय असलेल्या आपल्या लोकांना इथे विचारायला कुणी संकोच वाटू देत नाही. टपरीमागच्या बाई, तिकिटे फाडणारे आजोबा, रेषा आखणारा माणूस, सगळे बिनपगारी. मध्यंतरात सोडतीची तिकिटे विकायला कुणीतरी येते. एक पौंडाचे घ्या. त्या पैशात पुढच्या शनिवारचे चेंडू येतात.

शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच निघू नका. क्लबाच्या खोलीत बाकीच्या मैदानांचे निकाल येतात, कुणीतरी मोबाइलवर नवी तालिका मोठ्याने वाचतो, आणि थोड्या वेळाने खेळाडू अंघोळ करून तिथेच येऊन बसतात. बाहेर अंधार पडत असतो आणि दोन माणसे गोलची जाळी सोडवत असतात. एकाला शिडी धरायला कुणीतरी हवे असते. जा आणि धरा. पुढच्या शनिवारी दारावरचे आजोबा तुम्हाला ओळखतील.